शेतकऱ्याच्या पोरानं टोकियोत उभी केली देवराई. १०० वर्षं झाली, तिथला पालापाचोळा अजून जंगलाबाहेर जात नाही

मृगाचा पाऊस पडला की गावोगाव वृक्षलागवड सुरू होते. खड्डे निघतात, रोपांचा टेम्पो येतो, पाहुणे येतात, फोटो निघतात. पुढच्या उन्हाळ्यात त्याच गायरानात जाऊन बघा, खड्डे तेवढे शिल्लक असतात. आमच्या गावच्या गायरानात हे तीनदा झालं. तिन्ही वेळा खड्डे खणायला मीही होतो, त्यामुळं दुसऱ्या कुणाला नावं ठेवत नाही. तिसऱ्या खेपेला थोडीफार रोपं जगली होती, ती शिमग्याच्या आधी लागलेल्या वणव्यात गेली.

म्हणून आज अशा एका माणसाची गोष्ट सांगतो, ज्यानं लावलेलं जंगल जगलं. नुसतं जगलं नाही, तर आज तिथं गेलेल्या माणसाला हे कुणी हातानं लावलंय हे सांगूनही पटत नाही. त्यांचं नाव होंडा सेइरोकु. जपानमध्ये आडनाव आधी आणि नाव नंतर लावतात. मोटारसायकलवाल्या होंडाशी यांचा काही संबंध नाही. जन्म १८६६ चा, मृत्यू १९५२ चा. जपानमध्ये शिकलेल्या माणसांना हे नाव माहीत आहे. आपल्याकडं मात्र फारसं कुणाला नाही.

अर्धं वर्ष शेत, अर्धं वर्ष शाळा

टोकियोच्या उत्तरेला सैतामा नावाचा प्रांत आहे. तिथल्या कावाराई गावात एका शेतकरी घरात हा पोरगा जन्मला. मूळ आडनाव ओरिहारा. आईबापाचं सहावं लेकरू, म्हणून नावात रोकु, म्हणजे सहा. घर तसं खाऊनपिऊन सुखी होतं. पण पोरगा नऊ-दहा वर्षांचा असताना बाप अचानक गेला आणि मागं कर्ज राहिलं. पुढं काय होतं ते आपल्याला सांगायला नको.

शिकायची हौस होती, पैसा नव्हता. मग त्यानं मार्ग काढला. शेतीची कामं असतील तेव्हा गावी राबायचं आणि कामं सरली की टोकियोत एका शिकलेल्या माणसाच्या घरी पडेल ते काम करत शिकायचं. गावी असताना भात कांडता कांडता पाठांतर चालायचं. अशी काही वर्षं काढून १८८४ मध्ये तो टोकियोच्या वनशाळेत दाखल झाला. जपानमध्ये वनशास्त्र शिकवायला तेव्हा नुकतीच सुरुवात झाली होती.

पहिल्याच परीक्षेत तो नापास झाला. घरच्यांना तोंड कसं दाखवायचं, या विचारानं त्यानं विहिरीत उडी टाकली. नशीब बलवत्तर म्हणून वाचला. आपल्या भागातल्या पोरांनी ही गोष्ट नीट वाचावी, म्हणून मुद्दाम लिहितोय. त्या दिवशी तो गेला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. तो परत वर्गात जाऊन बसला, रात्रंदिवस अभ्यास केला आणि पहिल्या नंबरात आला.

पुढं होंडा घराण्यानं त्याला जावई करून घेतलं. घरजावई झाल्यावर सासरचं आडनाव लावायची तिकडं रीत होती, म्हणून ओरिहाराचा होंडा झाला. बायको सेन्को ही जपानमधल्या अगदी पहिल्या काही महिला डॉक्टरांपैकी एक होती. सासऱ्याच्या पैशावर १८९० मध्ये होंडा जर्मनीला गेले. पण ज्या बँकेत ते पैसे ठेवले होते ती बँक बुडाली. चार वर्षांचं शिक्षण दोन वर्षांत उरकायची वेळ आली. ते त्यांनी उरकलं, म्युनिकच्या विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली आणि १८९२ मध्ये मायदेशी येऊन टोकियोच्या विद्यापीठात शिकवायला लागले.

पगार महिना ५८ येन आणि घरात खाणारी तोंडं नऊ. तरी त्यांनी एक नियम केला. पगार हातात आला की चौथा हिस्सा आधी बाजूला काढायचा आणि उरलेल्या तीन हिश्श्यांत घर चालवायचं. महिनाअखेरीला ताटात भात आणि वर तीळ-मीठ एवढंच असायचं, पण बाजूला काढलेल्या पैशाला हात लावला नाही. त्या पैशातून आधी रेल्वेचे शेअर घेतले, मग डोंगरातली जंगलं विकत घेतली. या पैशाचं पुढं काय झालं, ते शेवटी सांगतो.

जमीन थकल्याची खूण

होंडा शेतकऱ्याच्या पोटचे होते. जपानमधला शेतकरी डोंगरातून काय काय आणतो, हे त्यांनी लहानपणी बघितलं होतं. सरपण आणायचा, गवत कापून आणायचा आणि झाडाखालचा पालापाचोळा खराट्यानं ओढून शेतात खत म्हणून टाकायचा. आपल्याकडंही कोकणात राब भाजायला झाडांचा पाला येतो, तसलाच प्रकार. शेताला फायदा व्हायचा, पण डोंगराचं काय व्हायचं?

१९०० मध्ये त्यांनी यावर एक लेख लिहिला आणि तो बराच गाजला. जिथं झाडं सारखी तोडली जातात आणि खालचा पाला दरवर्षी ओढून नेला जातो, तिथली माती हळूहळू थकते, असं त्यांनी मांडलं. मोठ्या पानांची जुनी झाडं तिथं परत येत नाहीत. त्यांच्या जागी लाल पाइन येतो, कारण तो हलक्या, उघड्या जमिनीतही तग धरतो. लांबून डोंगर हिरवा दिसतो, पण लाल पाइन माजणं म्हणजे खालच्या जमिनीचा जीव जात चालल्याची खूण. आपल्याकडं डोंगरउतारावर घाणेरी माजलेली दिसते, तेव्हा मला हे आठवतं. हिरवं आहे म्हणजे बरं आहे असं नसतं.

नुसता लेख लिहून ते थांबले नाहीत. टोकियो शहराला तामा नदीचं पाणी लागतं. त्या नदीच्या उगमाकडचे डोंगर तोडीमुळं आणि वणव्यांमुळं बोडके होत चालले होते. डोंगर बोडका झाला की पावसात गढूळ पूर आणि उन्हाळ्यात कोरडं पात्र, हे आपल्याला माहीत आहे. टोकियोनं १९०१ पासून उगमाकडची जंगलं ताब्यात घेऊन ती राखायला सुरुवात केली. त्या कामात होंडांचा सल्ला होता. ती पाणलोटाची जंगलं आजही टोकियोचं पाणी खातं सांभाळतं.

झाडासाठी मान पणाला

त्याच सुमाराला टोकियोत हिबिया नावाच्या ठिकाणी रस्ता रुंद करायचं काम निघालं. आड येत होतं गिंको जातीचं काही शतकांचं एक झाड. ते तोडायचं ठरलं. होंडा मध्ये पडले आणि झाड उपटून दुसरीकडं लावतो म्हणाले. बाकी जाणकारांनी हे होणार नाही, एवढं जुनं झाड मरणारच, असं सांगितलं. झाड मेलं तर माझी मान घ्या, अशी होंडांनी पैज लावली.

झाड मुळांसकट काढलं, रुळांवर घातलं आणि सुमारे ४५० मीटर सरकवत नेलं. त्याला २५ दिवस लागले. होंडांनीच आखलेली हिबिया बाग १९०३ मध्ये लोकांसाठी उघडली. पाश्चात्त्य धर्तीची जपानमधली ती पहिली मोठी बाग. ते झाड त्या बागेत आजही उभं आहे. लोक त्याला मान पणाला लावलेलं गिंको या अर्थाच्या नावानं ओळखतात.

पंतप्रधानांना सुगी हवी होती

आता मुख्य गोष्ट. १९१२ मध्ये जपानचे सम्राट मेइजी वारले, दोन वर्षांनी सम्राज्ञीही गेल्या. त्यांच्या नावानं टोकियोत मोठं देवस्थान बांधायचं ठरलं. जागा निवडली योयोगी भागातली, सुमारे ७० हेक्टर, म्हणजे आपले पावणेदोनशे एकर. जपानमध्ये देवस्थान म्हटलं की भोवती राई हवीच. आपल्या देवराईसारखंच, राई नसेल तर देव राहणार कुठं, अशी समजूत. पण ही जागा बहुतेक उघडी होती. कुठं शेतं, कुठं गवत, कुठं दलदल आणि मध्येच थोडे पाइन. शिवाय शेजारून रेल्वे जायची आणि कोळशाचा धूर झाडांवर बसायचा.

तिथं जंगल करायची जबाबदारी १९१५ मध्ये होंडांकडं आली. मदतीला त्यांचे दोन शिष्य होते, होंगो ताकानोरी आणि उएहारा केइजी.

पंतप्रधान ओकुमा शिगेनोबु यांचं म्हणणं वेगळं होतं. इसे आणि निक्को इथल्या मोठ्या देवस्थानांभोवती उंच, सरळसोट सुगीची झाडं आहेत. सुगी हे देवदारासारखं दिसणारं सूचिपर्णी झाड, आपल्या सुगीच्या दिवसांशी त्याचा संबंध नाही. सम्राटाच्या देवस्थानाला तशीच भव्य सुगीची राई पाहिजे, साधी झाडंझुडपं शोभणार नाहीत, यावर पंतप्रधान अडून बसले.

होंडा सरकारी विद्यापीठातले नोकरदार आणि समोर देशाचा पंतप्रधान. मान हलवून दिली असती तर कुणी काही म्हणालं नसतं. रोपं लागली असती, समारंभ झाला असता आणि झाडं वाळली असती तेव्हा ओकुमा पंतप्रधान नसते. पण होंडांनी ऐकलं नाही. सुगीला डोंगरातली ओल आणि स्वच्छ हवा लागते. योयोगीची जमीन कोरडी, त्यात धूर. निक्कोची सुगी आणि टोकियोची सुगी किती वर्षांत किती वाढली, याचं मोजमाप करून त्यांनी पंतप्रधानांपुढं ठेवलं. आकडे बघितल्यावर ओकुमांना माघार घ्यावी लागली.

मग लावायचं काय? त्या जमिनीत माणसानं हात लावायच्या आधी जी झाडं असायची, तीच. कापराचं झाड आणि ओकच्या कुळातली शिइ, काशी ही बारमाही हिरवी, रुंद पानांची झाडं. धूर सोसणारी, स्वतःचं बी स्वतः टाकून उगवणारी. एकदा लावली की पुन्हा माणसानं लावायची गरज नाही, असं जंगल त्यांना हवं होतं.

नमुना म्हणून त्यांच्यापुढं साकाई शहरातली सम्राट निंतोकुची समाधी होती. मातीचा एवढा मोठा ढिगारा माणसानंच रचलेला, पण त्यावर दाट रान झालेलं. माणसानं रचलेल्या मातीवरही जंगल होतं, फक्त त्याला एकटं सोडावं लागतं, हे तिथं दिसत होतं.

१५० वर्षांचा आराखडा

होंडा आणि शिष्यांनी जंगलाचा आराखडा चार टप्प्यांत कागदावर काढला. आधीचे उंच पाइन तसेच ठेवायचे. त्यांच्या खाली हिनोकी, सुगी वगैरे मधल्या उंचीची झाडं. त्याखाली कापूर, शिइ, काशी यांची रोपं आणि सगळ्यात खाली झुडपं. सुरुवातीला पाइन सावली देतील. काही दशकांत मधली झाडं त्यांना मागं टाकतील. शंभरेक वर्षांत रुंद पानांची झाडं सगळ्यांच्या वर जातील आणि १५० वर्षांच्या आसपास जंगल आपल्या पायावर उभं राहील. म्हणजे आराखडा काढणारे तिघंही तो पुरा झालेला बघणार नव्हते, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

एवढी रोपं विकत घ्यायला पैसा नव्हता. लोकांना आवाहन केलं आणि देशभरातून सुमारे १ लाख झाडं दान आली. आधीची धरून ३६५ जाती झाल्या. पहिल्या महायुद्धानंतर महागाई वाढली होती, मजूर मिळेनात. तेव्हा गावोगावची तरुण मंडळं स्वखर्चानं श्रमदानाला आली. सुमारे १ लाख १० हजार तरुणांचे हात या कामाला लागले. १ नोव्हेंबर १९२० ला देवस्थान लोकांसाठी उघडलं.

लागवड झाल्यावर एक नियम ठरला. जंगलातून काही न्यायचं नाही, जंगलात काही आणायचं नाही आणि गळलेलं पान बाहेर टाकायचं नाही. रस्त्यावर पडलेली पानं झाडणारी माणसं तिथं रोज झाडतात, पण ती पानं गोळा करून परत झाडांखालीच टाकतात. पडलेलं झाडसुद्धा आतच कुजू देतात. लहानपणी डोंगरावरून पाला ओढून नेलेला बघितलेला माणूस आणि लाल पाइनचा लेख लिहिलेला माणूस, दोघांची शिकवण या एका नियमात आहे. पाला हाच जंगलाचा पगार. तो कापला की जंगल उपाशी.

जंगलानं पुढं काय केलं

एप्रिल १९४५ मध्ये दुसऱ्या महायुद्धात टोकियोवर आगीचे बॉम्ब पडले. देवस्थानाच्या मुख्य इमारती जळून गेल्या, जंगल मात्र तगलं. इमारती १९५८ मध्ये परत बांधाव्या लागल्या.

शंभर वर्षं होत आली तेव्हा, २०११ ते २०१३ या काळात, शास्त्रज्ञांनी जंगलाची मोजणी केली. झाडं, बुरशी, किडे, पक्षी धरून ३ हजारांच्या घरात जाती सापडल्या. भोवती काँक्रीटचं शहर असताना तिथं शिकारी गोशॉक ससाणा घरटं करतो. झाडांची संख्या मात्र घटून ३६ हजारांच्या आसपास आली आहे. ही वाईट बातमी नाही. मोठ्या झाडांनी जागा घेतली, कमजोर झाडं मागं पडून मातीत गेली, हेच आराखड्यात लिहिलं होतं. उलट १५० वर्षांनी अपेक्षित असलेलं रूप जंगलानं लवकर घेतलं, असं जाणकार सांगतात.

दुसरी बाजूही जपानमध्येच बघायला मिळते. दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडासाठी तिथल्या डोंगरच्या डोंगरांवर सुगी आणि हिनोकी लावली. झाडं वाढली, पण दर वसंतात त्यांच्या परागामुळं लाखो लोकांचे डोळे चुरचुरतात, नाकं वाहतात. एकच जात सगळीकडं लावल्याची किंमत तिथली नातवंडं मोजत आहेत.

पैशाचं काय झालं

चौथा हिस्सा बाजूला काढत होंडा चांगलेच श्रीमंत झाले होते. १९२७ मध्ये साठीला ते निवृत्त झाले आणि जवळजवळ सगळी संपत्ती दान करून टाकली, तीही बरीचशी नाव न सांगता. चिचिबुच्या डोंगरातलं अडीच हजार हेक्टरांहून जास्त जंगल त्यांनी आपल्या सैतामा प्रांताला दिलं. त्याच्या उत्पन्नातून गरीब पोरांना शिकवावं, एवढी अट घातली. होंडांच्या नावानं ती शिष्यवृत्ती आजही चालू आहे. भात कांडत पाठांतर करणाऱ्या पोरानं आपल्यासारख्या पोरांची सोय करून ठेवली. पुढं ते साधेपणानं शेतीवाडी आणि लिखाण करत राहिले. रोज एक पान लिहायचं, हा त्यांचा तरुणपणापासूनचा नेम होता. त्यातून ३७० हून अधिक पुस्तकं झाली. २९ जानेवारी १९५२ ला ते गेले. तेव्हा योयोगीचं जंगल अवघं ३१ वर्षांचं होतं.

आपण काय घ्यायचं

आपल्याकडं आता मियावाकी हे नाव गावोगाव पोचलंय. अकिरा मियावाकी (१९२८–२०२१) हे होंडांच्या नंतरच्या पिढीतले. त्यांनीही देवस्थानांच्या राया अभ्यासूनच आपली पद्धत बसवली. पण आपण त्यातलं दाट लावायचं तेवढं उचललं. मूळ मुद्दा त्या जागेची जात निवडण्याचा आणि नंतर राखण्याचा आहे.

टोकियोत पाऊस भरपूर आणि चरायला गुरं नाहीत, त्यामुळं तिथलं जसंच्या तसं इथं चालणार नाही. आपल्या कोरडवाहू भागात पळस, खैर, धावडा, अंजन, आपटा, बोर, करंज ही घरची झाडं. घाटमाथ्यावर आणि कोकणात यादी वेगळी. कुठली झाडं लावायची हे रोपवाटिकेत काय शिल्लक आहे यावर ठरवू नये. जवळच्या देवराईत जाऊन बघावं, यादी तिथं उभी असते. आणि प्रत्येक माळ जंगलासाठी नसतो. कमी पावसाचं गवताळ रान हे लांडगा, चिंकारा आणि माळढोकाचं घर आहे. तिथं झाडं कोंबणं म्हणजे ओकुमांची सुगीच.

पण पानांचा नियम कुठंही चालतो. आमच्या बांधावर मी दरवर्षी पाला गोळा करून पेटवत होतो, साफ दिसावं म्हणून. गेली दोन वर्षं बंद केलंय. आंब्याखालची माती आता हातात घेतली की फरक कळतो.

यंदा गायरानात चौथ्यांदा लागवडीचा विषय ग्रामसभेत येणार आहे. कोण पाहुणा बोलवायचा यावर चर्चा होईलच. मी तीन गोष्टी विचारणार आहे. कुठल्या जाती लावायच्या, चराई किती वर्षं बंद ठेवायची आणि शिमग्याच्या आधी जाळरेषा कोण काढणार. तुमच्या गावातही विचारा.